पातळीच्या आकड्यापुढचा अहवाल : प्रॉडक्ट मॅनेजमेंटच्या परिपक्वतेवर सल्लागाराने कसे लिहावे

सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंटची, म्हणजे काय बनवायचे आणि कधी हे ठरवण्याच्या कामाची, परिपक्वता तपासणारा अहवाल हातात पडला की बहुतेक वाचक त्यात आधी एकच गोष्ट शोधतात : आपली पातळी कितवी? आकडा सापडला की उरलेली चाळीस पाने न वाचताच कपाटात जातात. यात वाचकाचा दोष कमी आणि लिहिणाऱ्याचा अधिक असतो, कारण ज्या अहवालात पातळी हाच निष्कर्ष असल्यासारखा मांडलेला असतो, त्यात पुढे वाचण्याजोगे फारसे काही नसतेच. कंपनीला पातळी कळून भागत नाही. पुढच्या दोन-तीन तिमाहींत काय बदलायचे, कोणी बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे तिला ठरवायचे असते. अहवालाची बांधणी त्या ठरवण्याभोवती झाली पाहिजे, आणि तिची सुरुवात लेखनाच्या कितीतरी आधी होते.

आधी निर्णय, मग मॉडेल

काम स्वीकारतानाच विचारून घ्यावे की हा अहवाल वाचून कोण, कोणता निर्णय घेणार आहे. 'आमची सध्याची स्थिती समजून घ्यायची आहे' या उत्तरावर थांबू नये. थोडे खोदले की खरा प्रश्न वर येतो. दुसरे प्रॉडक्ट सुरू करण्यापूर्वी पहिल्याच्या रिलीजची (नवी आवृत्ती ग्राहकांना देण्याची) शिस्त सावरायला हवी का, असा तो असेल. किंवा रोडमॅप, म्हणजे पुढे काय आणि कधी बनवायचे याचा आराखडा, दर महिन्याला का बदलतो, असा असेल. किंवा नव्या प्रॉडक्ट प्रमुखाकडे नेमके कोणते अधिकार द्यावेत, असाही असेल. तो एका वाक्यात लिहावा, अहवाल मागवणाऱ्याकडून मान्य करून घ्यावा आणि पहिल्या मुलाखतीआधीच आपल्या वहीत सर्वांत वर ठेवावा. सुरुवातीच्या काळात लिहिलेल्या एका अहवालात मी परिपक्वता मोजण्याच्या मॉडेलमधील सगळे विभाग सारख्याच बारकाईने तपासले होते. कंपनीच्या प्रमुखांनी तो शांतपणे पूर्ण वाचला आणि विचारले, "मग तिसऱ्या आवृत्तीचे काम आम्ही थांबवायचे की नाही?" त्याचे उत्तर माझ्या एकाही पानावर नव्हते.

प्रश्न ठरला की मोजमापाचे साधन निवडायचे. परिपक्वतेच्या पायऱ्यांची कल्पना सॉफ्टवेअरच्या जगात रुजली ती मुख्यतः कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेलमुळे, म्हणजे सीएमएममुळे. त्यामागे वॉट्स हम्फ्री यांचे काम होते आणि त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. कंत्राटदार सॉफ्टवेअर वेळेत आणि ठरल्या दर्जाचे देऊ शकेल का, हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला पारखायचे होते, म्हणून ते मॉडेल घडले. हा इतिहास अहवालात सांगण्याची गरज नाही, पण लिहिणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा. ते मॉडेल ठरलेली गोष्ट नीट बनवण्याची क्षमता मोजते. काय बनवायचे हे ठरवण्याची क्षमता हा त्याचा मुख्य विषय नाही. त्यामुळे बनवण्याच्या प्रक्रियेत वरच्या पायरीवर असलेली कंपनीदेखील कोणालाही नको असलेले प्रॉडक्ट अत्यंत शिस्तीने बनवत राहू शकते, आणि प्रॉडक्ट मॅनेजमेंटवरच्या अहवालाला नेमके तेच पकडायचे असते.

काय बनवायचे या बाजूसाठी नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी वेगळे मॉडेल तयार केले. त्यात चार मुख्य कामे धरली आहेत : रिक्वायरमेंट (प्रॉडक्टकडून असलेल्या मागण्या) सांभाळणे, रिलीजचे नियोजन, प्रॉडक्टचे नियोजन आणि पोर्टफोलिओ (कंपनीची सगळी प्रॉडक्ट मिळून) सांभाळणे. त्यांच्याखाली एकूण १५ विभाग येतात, उदाहरणार्थ ग्राहकांच्या मागण्या गोळा करणे, प्राधान्यक्रम ठरवणे, रिलीजचे काम सुरू झाल्यावर होणारे बदल हाताळणे, रोडमॅप आखणे, बाजाराचा अभ्यास. प्रत्येक विभागात क्षमतांची एक चढती माळ असते, तिला ए, बी, सी अशी अक्षरे दिलेली असतात आणि सगळ्या माळा १ ते १० स्तंभांच्या एका तक्त्यात मांडलेल्या असतात. एका विभागातील 'ए' पहिल्याच स्तंभात येते, तर दुसऱ्यातील 'ए' काही स्तंभ सोडून येते, कारण काही गोष्टी आधी जमल्याशिवाय इतर गोष्टी करण्यात अर्थ नसतो. मागण्या एका जागी नोंदवल्याच जात नसतील, तर प्राधान्यक्रमाची कितीही सुरेख पद्धत आणली तरी ती लावणार कशाला?

या तक्त्याचा एक गुण अहवाल लिहिणाऱ्याला अडचणीत आणतो. कंपनीची एकूण पातळी पहिल्या न जमलेल्या क्षमतेच्या अलीकडच्या स्तंभावर अडते, म्हणजे चौदा विभाग उत्तम चालले असले आणि पंधराव्यात दुसऱ्याच स्तंभात खड्डा असला, तरी पातळी १ निघते. केवळ हा १ छापून ठेवला तर लोक दुखावतात आणि मॉडेलवर अविश्वास दाखवून मोकळे होतात. म्हणून एकूण पातळी लिहायचीच असेल, तर ती कोणत्या एका क्षमतेमुळे अडली आहे हे त्याच वाक्यात आले पाहिजे, आणि ती क्षमता या कंपनीला खरोखर लागते का, हे पुढच्या वाक्यात.

कारण प्रत्येक क्षमता प्रत्येकाला लागत नाही. तीन मोठे ग्राहक असलेल्या आणि त्यांच्याशी दर आठवड्याला बोलणाऱ्या कंपनीला बाजाराचे औपचारिक सर्वेक्षण जवळजवळ निरुपयोगी असते. हजारो लहान ग्राहक असलेल्या कंपनीला त्याच्यावाचून आंधळेपणाने चालावे लागते. डेव्हलपरची संख्या, ग्राहकांची संख्या, रिलीज किती वेळा होते, कायद्याची बंधने किती कडक आहेत, प्रॉडक्ट किती जुने आहे, असे घटक तपासून या कंपनीला कोणती पातळी पुरेशी आहे हे प्रत्येक विभागासाठी आधी लिहून ठेवावे आणि मगच तपासणीला बसावे. आधी अशासाठी, की तपासणीनंतर ठरवलेले 'पुरेसे' हटकून आपल्या निष्कर्षाला सोयीचे निघते. अहवालात मांडायची ती पुरेशी पातळी आणि तपासणीत आढळलेली पातळी या दोहोंमधील तफावत. तक्त्याच्या उजव्या टोकापासूनचे अंतर मांडण्यात हशील नाही.

पुरावा कसा जमवावा

'तुम्ही प्राधान्यक्रम ठरवता का?' या प्रश्नाला नाही म्हणणारा प्रॉडक्ट मॅनेजर मला आजवर भेटलेला नाही. प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल विचारावा : मागच्या रिलीजमधून शेवटच्या क्षणी काय वगळले, ते कोणी ठरवले, कधी ठरवले, आणि त्याची नोंद असेल तर ती आत्ता स्क्रीनवर दाखवता येईल का? दोन तासांच्या मुलाखतीतून जे हाती लागत नाही, ते बॅकलॉग (करायच्या कामांची नोंदयादी) उघडून वीस मिनिटे सोबत बसल्यावर दिसते. मागणी कोणाकडून आली हा रकाना रिकामा आहे, 'तातडीचे' असा शिक्का निम्म्या नोंदींवर आहे, दोन वर्षांपूर्वीच्या नोंदींना कोणी हात लावलेला नाही, अशा गोष्टी माणसे सहसा तोंडाने सांगत नाहीत. त्यांच्या त्या लक्षातही आलेल्या नसतात.

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फळ देणारी एक साधी तपासणी आहे. मागच्या रिलीजमधली दहा फीचर्स निवडावीत आणि प्रत्येकाचा माग मूळ मागणीपर्यंत काढावा. मग उलट दिशेने, सहा महिन्यांपूर्वी ग्राहकांकडून आलेल्या दहा मागण्या घ्याव्यात आणि त्यांचे पुढे काय झाले ते पाहावे. पहिल्या फेरीत कोणीही न मागितलेली फीचर्स सापडतात, दुसऱ्या फेरीत वाटेत हरवलेल्या मागण्या. नमुना दहाचाच असल्याने त्यावरून टक्केवारी काढण्याच्या भरीस पडू नये. 'दहापैकी सहा' असे लिहिणे पुरेसे आणि प्रामाणिक असते. निवड मात्र आपण करावी. कंपनीने निवडून दिलेली दहा फीचर्स म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेली खोली असते.

मुलाखतींच्या यादीत प्रॉडक्ट मॅनेजर, डेव्हलपमेंटचे प्रमुख आणि विक्रीतील माणसे असतातच. सपोर्टमध्ये रोज तक्रारी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव बहुधा नसते, आणि ग्राहकाची मागणी नेमकी कुठे गळते हे बहुतेक वेळा तिलाच ठाऊक असते. ते नाव आपण आग्रहाने घालून घ्यावे.

एखादी क्षमता 'आहे' असे लिहिण्यासाठी निदान दोन वेगवेगळ्या वाटांनी पुरावा मिळालेला असावा, म्हणजे एक कोणाचे सांगणे आणि दुसरी एखादी नोंद किंवा दस्तऐवज. प्रत्येक पुराव्याला क्रमांक द्यावा, त्यावर तारीख टाकावी आणि तो कुठे पाहिला ते लिहावे. येथे एक खबरदारी हवी. लहान कंपनीत 'सपोर्ट विभागातील एका व्यक्तीने सांगितले' एवढे लिहिले तरी ती व्यक्ती कोण हे सर्वांना कळते, कारण त्या विभागात असतात दोनच माणसे. असे विधान वापरायचे असेल तर आधी त्या व्यक्तीला विचारावे, किंवा तीच गोष्ट नोंदींतून दाखवून द्यावी.

निरीक्षणाचे वाक्य

अहवाल उभा राहतो तो निरीक्षणांवर, आणि बहुतेक अहवाल फसतात तेही तिथेच. पुढील वाक्य पाहा : 'रिलीजदरम्यान होणारे बदल हाताळण्याची प्रक्रिया पुरेशी परिपक्व नसून त्यात सुधारणेस वाव आहे.' हे वाक्य कोणत्याही कंपनीबद्दल, कोणत्याही दिवशी खरे आहे. 'सुधारणेस वाव आहे' हा शब्दप्रयोग तर अहवालाच्या भाषेतून कायमचा हद्दपार करावा असे मला वाटते. त्यातून वाचकाला काही कळत नाही आणि लिहिणाऱ्याला मात्र काम केल्याचे समाधान मिळते.

आता हेच निरीक्षण, आकडे कल्पित धरून, असे लिहिता येते : 'गेल्या तीन रिलीजसाठी ठरवलेल्या ४१ गोष्टींपैकी १७ काम सुरू झाल्यावर बदलल्या. त्यांपैकी १२ बदल विक्री विभागाने थेट डेव्हलपरला सांगितले होते आणि त्यांची नोंद केवळ चॅटमध्ये आहे. तिन्ही वेळा टेस्टिंगसाठी राखलेला वेळ निम्म्याहून कमी उरला. काम सुरू झाल्यावर बदल मान्य करण्याचा अधिकार कोणाचा, हे विचारल्यावर चार जणांनी चार वेगवेगळी नावे सांगितली.' येथे परिपक्वता हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी तक्त्यातील कोणती क्षमता नाही, तिची किंमत कोण मोजतो आणि मूळ कुठे आहे, हे तिन्ही कळते. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण ते कारणाकडे बोट दाखवते. बदल फार होतात हे तर कंपनीतल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत असते.

भाषेची एक सवय येथे आडवी येते. औपचारिक मराठीत आपण सहज 'निर्णय घेतला जातो', 'मागणी नोंदवली जाते', 'आढावा घेण्यात येतो' असे लिहून जातो आणि करणारा वाक्यातून नाहीसा होतो. प्रॉडक्ट मॅनेजमेंटच्या अहवालात मात्र करणारा कोण, हाच बहुधा मुख्य मुद्दा असतो. मसुदा पूर्ण झाल्यावर अशा प्रत्येक क्रियापदापाशी थांबून 'कोणाकडून?' असे विचारावे. उत्तर माहीत असेल तर ते वाक्यात घालावे, आणि कंपनीतही कोणाला माहीत नसेल, तर आपल्याला एक नवे निरीक्षण सापडले असे समजावे.

करणारा लिहायचा तो पदाने किंवा भूमिकेने, माणसाचा दोष काढल्यासारखा नव्हे. 'प्रॉडक्ट मॅनेजर रोडमॅप अद्ययावत ठेवत नाहीत' या वाक्याने एका माणसाची नोकरी धोक्यात येऊ शकते. तपासणीत जर असे दिसले असेल की त्याच माणसाकडे चार प्रॉडक्ट आहेत आणि रोडमॅप बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही, तर तेही त्याच परिच्छेदात यायला हवे. अहवाल कोणाच्या तरी विरुद्ध हत्यार म्हणून मागवलेला असू शकतो याचे भान ठेवावे.

आकड्यांची मर्यादा

पातळ्या या क्रमदर्शक असतात. तिसरी पातळी दुसरीच्या वर आहे एवढेच त्यातून कळते; पहिली ते दुसरी आणि दुसरी ते तिसरी ही अंतरे समान आहेत असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मोजपट्ट्यांचे प्रकार वेगळे करून दाखवले, तेव्हापासून क्रमदर्शक आकड्यांची सरासरी काढण्यावर हा आक्षेप घेतला जातो. तरीही '२.५' असा आकडा पहिल्या पानावर झळकतच राहतो. एका कंपनीच्या चार कामांच्या पातळ्या ४, ४, १, १ असतील आणि दुसरीच्या ३, ३, २, २, तर दोघींची सरासरी २.५ येते. पहिलीत मात्र दोन कामे उत्तम चालतात आणि दोन जवळजवळ बंद आहेत, तर दुसरीत सगळेच बेताचे चालले आहे. त्यांना एकच सल्ला देता येणार नाही, म्हणून सरासरी न देता चारही आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

कोळ्याच्या जाळ्यासारखा आलेखही असाच फसवा असतो. त्यातील भरीव भागाचा आकार अक्षांच्या क्रमावर अवलंबून असतो, आणि सगळ्या पातळ्या दुप्पट झाल्या तर क्षेत्रफळ चौपट होते, त्यामुळे डोळ्यांना दिसणारी प्रगती खऱ्या प्रगतीपेक्षा मोठी भासते. साधे आडवे पट्टे, आणि त्यांवर पुरेशी पातळी दाखवणारी एक उभी रेघ, एवढे पुरते.

क्षमता अर्धवट असेल तेव्हा 'आहे' आणि 'नाही' यांच्यामधले काही हवे असते. प्रक्रियांच्या मूल्यमापनाच्या आयएसओ १५५०४ या जुन्या, आता नव्या मानकांनी जागा घेतलेल्या मानकातील चार श्रेणी येथे उपयोगी पडतात : १५ टक्क्यांपर्यंत नाही, त्यापुढे ५० पर्यंत अंशतः, त्यापुढे ८५ पर्यंत बऱ्याच अंशी आणि त्याहून अधिक म्हणजे पूर्ण. श्रेणी कोणतीही वापरा, पण 'अंशतः' लिहिल्यावर कोणता अंश आहे आणि कोणता नाही हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शिफारशी

तीस शिफारशी देणे म्हणजे निवडण्याचे काम वाचकावर ढकलणे. तीन ते पाच शिफारशी पुरेशा असतात, आणि त्यांचा क्रम तक्त्यातील अवलंबित्वावरून लावावा : जी गोष्ट झाल्याशिवाय इतर गोष्टी अडतात ती आधी. वर आलेल्या उदाहरणातील कंपनीला नवे टूल सुचवण्याचा मोह होईल. पण बदल मान्य कोणी करायचा हेच ठरलेले नसताना टूल आणले, तर चॅटमधला गोंधळ टूलमध्ये जाईल आणि त्याचे पैसेही मोजावे लागतील. तेथे पहिली शिफारस अशी असू शकते : 'रिलीजचे काम सुरू झाल्यानंतर प्रत्येक बदल प्रॉडक्ट मॅनेजरच मान्य करतील. बदल मागणाऱ्याने त्याबदल्यात काय वगळायचे हे सुचवावे. हा नियम विक्रीप्रमुख आणि डेव्हलपमेंटप्रमुख मिळून पुढच्या रिलीजच्या नियोजनाच्या बैठकीत जाहीर करतील. दोन रिलीजनंतर नोंद नसलेल्या बदलांची संख्या पुन्हा मोजावी.' यात कोण, कधी, काय आणि झाले हे कशावरून ओळखायचे, सगळे आले.

प्रत्येक शिफारशीला लागणारा वेळ माणसांच्या दिवसांत लिहावा, आणि तो वेळ सध्याच्या कोणत्या कामातून काढायचा तेही लिहावे. हे न लिहिल्यामुळे पटलेल्या शिफारशीसुद्धा अमलात येत नाहीत. शिवाय 'सध्या करू नये' असा एक छोटा परिच्छेद घालावा. पोर्टफोलिओच्या विभागात पातळी खालची आहे, पण कंपनीकडे प्रॉडक्ट एकच असल्याने वर्षभर तिकडे लक्ष देण्याची गरज नाही, असे कोणी लिहून दिले की व्यवस्थापनाला हायसे वाटते. मीही अशा परिच्छेदासाठी जेवढे आभार ऐकले आहेत तेवढे कोणत्याही शिफारशीसाठी ऐकलेले नाहीत.

मसुदा, सारांश आणि परिशिष्ट

निरीक्षणांचा भाग शिफारशींशिवाय आधी मुलाखत दिलेल्यांना वाचायला द्यावा आणि तपशिलाच्या चुका दाखवण्यासाठी एक आठवडा द्यावा. 'तो बदल विक्रीने नव्हे, सपोर्टने मागितला होता' ही दुरुस्ती आभार मानून करावी. 'हा मुद्दा जरा सौम्य लिहिता येईल का' ही दुरुस्ती नव्हे. तिच्यासोबत नवा पुरावा आला तरच वाक्य बदलावे. अहवाल मागवणाऱ्या प्रमुखांना मात्र सर्वांत कडू निष्कर्ष सादरीकरणापूर्वी समोरासमोर सांगावा, कारण भरसभेत प्रथमच ऐकलेली गोष्ट माणसे समजून घेत नाहीत, ती खोडून काढू लागतात.

सारांश शेवटी लिहावा आणि पहिल्या पानावर ठेवावा. वहीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत असावे, त्यानंतर तीन निरीक्षणे आणि पहिली शिफारस. पातळी कुठे द्यायची असा प्रश्न नेहमी येतो. मी ती सारांशाच्या शेवटच्या ओळीत देतो, तिला अडवणाऱ्या क्षमतेच्या नावासह. मुख्य मजकूर पंधरा पानांच्या आत बसवावा. पूर्ण तक्ता, पुराव्यांची क्रमवार यादी, किती मुलाखती झाल्या, कोणाची भेट होऊ शकली नाही, कोणत्या नोंदी पाहायला मिळाल्या नाहीत, हे सगळे परिशिष्टात जावे. ते रटाळ असले तरी कसून तयार करावे, कारण सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला कोणी आले, आणि तेव्हा बहुधा आपल्याऐवजी दुसराच सल्लागार असेल, तर 'अंशतः' म्हणजे आपण नेमके काय धरले होते आणि ती दहा फीचर्स कशी निवडली होती, हे त्याला या पानांवरूनच समजून घ्यावे लागेल.